साडेचार व्होल्टचा उंबरठा

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५०च्या सुमारास व्हर्लविंड हा संगणक उभा राहिला, तेव्हा तिथल्या अभियंत्यांना वेगापेक्षा भरवशाची चिंता जास्त होती. यंत्रात सुमारे पाच हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्यातली एखादी कधीही दगा देणार हे धरूनच चालावं लागे. जय फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय आजही थक्क करतो. ते यंत्राच्या एकेका भागाचं व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करत आणि त्याच वेळी तपासणीचा प्रोग्राम चालवत. धडधाकट नळी तेवढा ताण सोसायची, थकत आलेली नळी चुकीचं उत्तर द्यायची. ऐन कामाच्या वेळी ती बंद पडण्याआधीच तिला काढून नवी बसवली जाई.

या तपासणीमागचं निरीक्षण साधं असलं तरी त्याची किंमत मोठी आहे. वीज कमी पडली की इलेक्ट्रॉनिक यंत्र लगेच बंद पडत नाही, आधी ते चुकायला लागतं. नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, अख्खा संगणक एका चिपमध्ये मावला, तरी हे निरीक्षण खोटं ठरलं नाही. मायक्रोप्रोसेसरच्या जमान्यात मात्र ते काही वर्षं मागे पडलं आणि पुन्हा रुजवायला एक वेगळ्या जातीची चिप जन्माला यावी लागली. इलेक्ट्रॉनिक्सवाले तिला ‘सुपरवायझर’ किंवा नुसतं ‘रिसेट आयसी’ म्हणतात. तिला बहुधा तीनच पाय असतात. बोर्डावर शोधायला गेलं तर ती पटकन सापडतही नाही.

पाच व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला पाच व्होल्ट मिळत असतील तर काळजी नाही. शून्य व्होल्ट असतील तरीही नाही, कारण मेलेलं यंत्र कुणाचं वाईट करत नाही. घात होतो तो मधल्या पट्ट्यात. व्होल्टेज साडेतीन-चारच्या आसपास रेंगाळलं की आतले ट्रान्झिस्टर मंदावतात, पण घड्याळाचे ठोके पूर्वीच्याच गतीने पडत राहतात. मेमरीतून आलेला आकडा स्थिरावण्याआधीच वाचला जातो, एका आज्ञेच्या जागी दुसरीच समजली जाते आणि प्रोसेसर प्रोग्राममध्ये भलत्याच ठिकाणी उडी मारतो. तिथे जे काही सापडेल ते तो इमानेइतबारे पाळतो. ‘मेमरीत लिही’ ही आज्ञाही त्यात असू शकते. तीन मेगाहर्ट्झवर चालणारा ८०८५ प्रोसेसर दहा मिलिसेकंदांत तीस हजार ठोके मोजतो. म्हणजे दिवा मिणमिणून विझेपर्यंत काही हजार आज्ञा पार पडलेल्या असतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पडत्या व्होल्टेजचा धोका समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. दाब ठरावीक पातळीखाली गेला की तिचं चुंबकत्व ढिलं पडतं, संपर्क सुटतो आणि मोटारीची वीज तुटते. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत किंवा ‘ऑटो’ बसवला असेल तर तो ओढून घेईपर्यंत मोटार बंदच राहते. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्क्यांची सूट दिली होती, म्हणजे २३० व्होल्टच्या जागी २१६ ते २४४ चालतील. लांबलचक तारेच्या शेवटच्या टोकाला हा हिशेब किती पाळला जातो, हे गावोगावच्या स्टॅबिलायझरच्या दुकानांवरून कळतं. कमी दाबाने मोटार तापते आणि जळते, वास येतो, माणूस धावतो. प्रोसेसर मात्र जळत नाही. तो चुकीचं लिहून ठेवतो आणि वीज आली की काही झालंच नाही असा पुन्हा सुरू होतो.

जुन्या मोठ्या संगणकांनी हा प्रश्न नीट सोडवला होता. त्यात फॉरेस्टर यांच्याच दुसऱ्या एका कामाचा वाटा होता. १९५३ साली व्हर्लविंडला चुंबकीय कड्यांची मेमरी बसली. या कोअर मेमरीचा मोठा गुण असा की वीज गेली तरी कड्यांमधलं लिहिलेलं तसंच राहतं. मग वीज जाताना कामाची स्थिती तिथे टिपून ठेवता आली, तर परत आल्यावर तिथूनच पुढे जाता येईल. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० साली बाजारात आणलेल्या पीडीपी-११ मध्ये ही व्यवस्था पाहण्यासारखी होती. त्याचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या युनिबसवर दोन खास तारा होत्या, एसी लो आणि डीसी लो. भिंतीतली वीज ढासळली की पहिली तार इशारा देई. त्या क्षणी मशीनच्या आतलं व्होल्टेज अजून ठीक असे, कारण पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये थोडा साठा शिल्लक असे. प्रोसेसर चालू काम सोडून ठरलेल्या पत्त्यावर उडी घेई आणि हाती असलेल्या दोन-एक मिलिसेकंदांत सगळी रजिस्टरं कोअर मेमरीत उतरवून थांबे. मग दुसरी तार सगळंच गोठवून टाकी. वीज आली की उलटा प्रवास. आधी इशारा, मग आवराआवर, मग कुलूप, असा हा क्रम होता. पुढे सुपरवायझर चिपांनी जे केलं त्याचं मूळ यातच दिसतं.

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातही असाच पहारा होता. त्याच्या २८, १४ आणि ४ व्होल्टच्या पुरवठ्यांवर नजर ठेवणारं सर्किट होतं. पातळी घसरली की ते ‘गोजॅम’ नावाचा सिग्नल सोडे आणि संगणक ठरलेल्या जागेपासून पुन्हा सुरू होई. त्याच्या जोडीला ‘नाइट वॉचमन’ नावाची आणखी एक राखण होती. प्रोग्रामने मेमरीतल्या एका विशिष्ट जागेला ठरावीक काळात, साधारण एका सेकंदाच्या आत-बाहेर, स्पर्श केलाच पाहिजे असा दंडक होता. स्पर्श झाला नाही तर प्रोग्राम कुठेतरी अडकला असं समजून पुन्हा सुरुवात. आज ज्याला वॉचडॉग टायमर म्हणतात तो हाच.

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ उडालं आणि साडेछत्तिसाव्या सेकंदाला त्याच्यावर वीज कोसळली. बावन्नाव्या सेकंदाला दुसरी. इंधन-घट मुख्य पुरवठ्यापासून तुटले, व्होल्टेज कोसळलं, आणि ह्यूस्टनच्या पडद्यांवर निरर्थक आकडे येऊ लागले. त्यामागचं कारण म्हणजे सगळ्या मोजमापांना वळण देणाऱ्या ‘एससीई’ या पेटीतला कमी दाबाचा स्विच. तो साधारण तेवीस व्होल्टला पडायचा आणि तो पडला होता. तरुण नियंत्रक जॉन एरन यांनी आकड्यांचा असाच गोंधळ सुमारे वर्षभरापूर्वी केनेडी केंद्रातल्या एका चाचणीत पाहिला होता. ‘एससीई टू ऑक्स’ ही त्यांची सूचना वर पोचली, अंतराळवीर अॅलन बीन यांनी बटण फिरवलं आणि आकडे परत आले. पर्यायी मार्गावर ती पेटी कमी दाबातही चालत असे. रॉकेटचा स्वतंत्र संगणक तोपर्यंत निर्धास्तपणे उड्डाण सांभाळत होता. स्विचने आपलं काम चोख केलं होतं, पण आकडे परत यायला माणसाचा हात लागला. रिसेट सर्किटाच्या रचनाकाराला ही गोष्ट नेहमी लक्षात ठेवावी लागते. कधी थांबवायचं एवढंच ठरवून भागत नाही, कधी सोडायचं हेही ठरवावं लागतं.

इंटेलचा ४००४ नोव्हेंबर १९७१ मध्ये आला आणि प्रोसेसर स्वस्त व्हायला लागला. १९७५ साली ६५०२ तर पंचवीस डॉलरला मिळू लागला. याच सुमारास कोअर मेमरीची जागा सिलिकॉनच्या मेमरीने घेतली. ही मेमरी वेगवान होती, लहान होती, पण वीज गेली की कोरी. म्हणजे एकाच दशकात यंत्रांची संख्या अफाट वाढली, त्यांची स्मृती नाजूक झाली आणि एसी लो-डीसी लो सारखी महागडी व्यवस्था वगळली गेली. हजारो डॉलरच्या मिनिकॉम्प्युटरला जे परवडत होतं, ते दोनशे डॉलरच्या बोर्डाला परवडेना.

अॅपलच्या पहिल्या संगणकात वीज दिल्यावर माणसाला स्वतः रिसेट दाबावं लागे. १९७७च्या अॅपल-टूच्या अगदी सुरुवातीच्या बोर्डांवरही हीच गत होती. इतरांनी एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावून वेळ मारून नेली. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला इंटेलने सुचवलेली जोडी पुढे जो कुणी तंत्रनिकेतनात मायक्रोकंट्रोलर शिकला त्याच्या वहीत उतरली: दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ८.२ किलोओहमचा रेझिस्टर. वीज आली की कपॅसिटर भरेपर्यंत रिसेटची पिन वर राहते, प्रोसेसर थांबून राहतो, तोवर क्रिस्टलचे ठोके सुरळीत होतात. कमोडोर-६४ या संगणकाने (१९८२) यासाठी ५५६ टायमर वापरला.

या जोडीला काळ कळतो, व्होल्टेज कळत नाही. खरी मेख तिथेच आहे. वीज क्षणभर गेली आणि परत आली, तर तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होत नाही, त्यामुळे रिसेट मिळतच नाही. प्रोसेसर मात्र तेवढ्यात भरकटलेला असतो. पुरवठा हळूहळू चढला, तर कपॅसिटर त्याच्याबरोबरच भरत जातो आणि पुरेसं व्होल्टेज येण्याआधीच रिसेट सुटतो. आणि वीज जाताना ही जोडी काहीच करत नाही. लोडशेडिंगनंतर सगळ्या गावाचे पंप, पंखे, फ्रिज एकदम ओढ घेतात आणि दिवे दोन-तीनदा मिणमिणतात. हे तिन्ही प्रकार तेव्हा काही सेकंदांत घडू शकतात. रेझिस्टरवर एक डायोड आडवा टाकून पहिल्या दोषाची धार थोडी कमी करता येते, एवढंच.

घराघरातल्या मुलांनी हा प्रश्न बोटाने सोडवला, ही या इतिहासातली सर्वांत लोभस गोष्ट. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा निन्टेन्डोचा खेळ १९८७ साली अमेरिकेत कार्ट्रिजवर आला. कार्ट्रिजमध्ये बटणासारखी लिथियम बॅटरी होती आणि तिच्यावर जगणारी मेमरी, ज्यात खेळाडूची प्रगती साठत असे. खेळाडूला सूचना होती की बंद करताना आधी रिसेट दाबून धरा आणि धरलेलं असतानाच पॉवर बंद करा. रिसेट दाबलेला असेपर्यंत प्रोसेसर थिजलेला राहतो. मग व्होल्टेज पाचावरून शून्यावर येईपर्यंत तो मेमरीत काही खरडू शकत नाही. सूचना न पाळणाऱ्याची आठवड्याभराची मेहनत पुसली जाऊ शकत होती. पुढच्या सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये मित्सुमीची एमएम१०२६ सारखी एक छोटी चिप बसू लागली. ती व्होल्टेज पाहायची, घसरलं की मेमरीचं दार लावायची आणि मेमरी बॅटरीवर टाकायची. बोटाचं काम सिलिकॉनने घेतलं.

पीसीच्या जगात आयबीएमने १९८१च्या आपल्या संगणकात पॉवर सप्लायमधूनच ‘पॉवर गुड’ नावाची तार काढली. सगळे दाब जागेवर येऊन स्थिरावले की ती वर जायची आणि मगच प्रोसेसर सुटायचा. एटीएक्स सप्लायमध्ये तीच तार आजही शंभर ते पाचशे मिलिसेकंद थांबून ‘ठीक’ म्हणते. पण कारखान्यातला कंट्रोलर, टेलिफोन एक्स्चेंज, वैद्यकीय उपकरण, विजेचं मीटर यांना असा सप्लाय कुठून मिळणार? त्यांच्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८३ साली टीएल७७०५ए काढली. पाच व्होल्टची तार ४.५५च्या खाली गेली की रिसेट आवळायचा आणि वर आल्यावर बाहेर लावलेल्या कपॅसिटरने ठरवलेला वेळ थांबून सोडायचा, एवढंच तिचं काम. शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरड लावला तर १.३ मिलिसेकंद, दहापट मोठा लावला तर दहापट.

हा साडेचारच्या आसपासचा आकडा कसा आला, याचा हिशेब सुंदर आहे. बहुतेक चिपा पाच व्होल्टला पाच टक्के सूट देत, म्हणजे ४.७५पर्यंत पुरवठा कायदेशीर. तिथपर्यंत पहारेकऱ्याने बोंब मारता कामा नये, नाहीतर निरोगी यंत्र उगाच थांबेल. दहा टक्के सूट असलेल्या चिपा ४.५पर्यंत नीट चालत, म्हणून दाब त्याखाली जाण्याआधी थांबवलंच पाहिजे. दोहोंच्या मधोमध साधारण ४.६३ येतात, आणि पुढे बाजारात आलेल्या असंख्य चिपांवर हाच आकडा दिसतो. दहा टक्क्यांच्या यंत्रणेसाठी त्याच रीतीने ४.३७ किंवा ४.३८.

हा उंबरठा शंभरातल्या एखाद्या भागाइतक्या अचूकतेने मोजायचा, तोही थंडीत आणि उन्हाळ्यात सारखाच, तर चिपजवळ स्वतःचा अढळ मापदंड हवा. तो नॅशनल सेमिकंडक्टरच्या बॉब विडलार यांनी १९७०च्या सुमारास व्यवहारात आणला. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधलं व्होल्टेज दर अंशाला दोनेक मिलिव्होल्टने घटतं. वेगवेगळ्या घनतेचे प्रवाह वाहणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांमधला फरक तापमानाबरोबर वाढतो. दोन्ही योग्य प्रमाणात जोडले की घट आणि वाढ एकमेकांना खातात आणि सुमारे सव्वा व्होल्ट स्थिर उरतं. बँडगॅप रेफरन्स नावाची ही युक्ती नसती, तर तीन पायांचा पहारेकरी झालाच नसता.

१९८३ सालीच जॅक गिफर्ड आणि साथीदारांनी कॅलिफोर्नियात मॅक्सिम कंपनी काढली आणि १९८४ साली टेक्सासमध्ये डॅलस सेमिकंडक्टर उभी राहिली. या दोघींनी सुपरवायझर चिपला बाजारात खरी प्रतिष्ठा दिली. मॅक्सिमची मॅक्स६९० आठ पायांची होती आणि चार कामं करायची: रिसेट, बॅटरीवर बदल, वॉचडॉग आणि पीडीपी-११च्या एसी लोसारखा आगाऊ इशारा. वॉचडॉगला १.६ सेकंदांत प्रोग्रामची थाप पडली नाही तर रिसेट. तिच्या सोळा पायांच्या भावंडात, मॅक्स६९१मध्ये, मेमरीची निवड-तारही चिपमधून जायची, म्हणजे व्होल्टेज घसरताच मेमरीकडे जाणारा रस्ताच बंद. डॅलसच्या डीएस१२३२मध्ये बटणाची धडधड शोषून घेणारी सोय होती, म्हणजे रिसेटचं बटण एकदा दाबलं की यंत्राला ते एकदाच दाबल्यासारखं कळे. नव्वदच्या दशकात मॅक्स८०९ आली: तीन पाय, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, व्होल्टेज परतल्यावर किमान १४० मिलिसेकंद थांबणारी. पुढे २००१ साली डॅलस मॅक्सिममध्ये आणि २०२१ साली मॅक्सिम अॅनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली. चिपा मात्र अजून बनतात, आणि इतर कंपन्या तशाच पायांच्या चिपा विकतात.

सुपरवायझर चिपच्या रचनेत एक अडचण आहे आणि ती मुळातली आहे. जिच्यावर पहारा ठेवायचा त्याच विजेवर पहारेकऱ्याचं पोट. साधारण एक व्होल्टच्या खाली मॅक्स८०९लाही रिसेटची तार धरून ठेवता येत नाही. म्हणून काटेकोर रचनाकार तिथे शंभर किलोओहमचा एक रेझिस्टर जमिनीकडे लावतो, म्हणजे चिप सुटली तरी तार खालीच राहील.

प्रोसेसरमध्येच ही सोय घातली की वेगळी चिप लागणार नाही, असं वाटणं साहजिक होतं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहेममध्ये आल्फ-एगिल बोगन आणि वेगार्ड वोलान यांनी रचलेला आणि अॅटमेलने १९९७च्या सुमारास बाजारात आणलेला एव्हीआर हा मायक्रोकंट्रोलर फार लोकप्रिय झाला. पण त्याच्या पहिल्या पिढीतल्या अनेक चिपांमध्ये कमी दाबाचा पहारा नव्हता आणि ईईपीरॉम या वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली माहिती वीज जाताना बिघडल्याच्या तक्रारी आल्या. अॅटमेलने एव्हीआर-१८० ही खास टिपणी काढून बाहेरचं संरक्षण सुचवलं. पुढच्या एटीमेगा मालिकेत ते आत आलं. तरी पूर्ण समाधान नाही. आर्डुइनो उनो या हौशी लोकांच्या बोर्डावरच्या एटीमेगा३२८ची राखण सहसा २.७ व्होल्टवर लावलेली असते, आणि तो चालतो सोळा मेगाहर्ट्झवर. कंपनीच्याच आलेखानुसार त्या गतीला जवळजवळ ३.८ व्होल्ट हवेत. मधला एक व्होल्टहून रुंद पट्टा बिनराखणीचा राहतो. ज्याचं यंत्र टेबलावरच्या खेळण्याहून मोठं काम करणार आहे, त्याने ही सेटिंग तपासलीच पाहिजे.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या २०१४च्या बी-प्लस बोर्डावर एपीएक्स८०३ ही तीन पायांची चिप आहे. पाच व्होल्टची तार ४.६३खाली गेली की लाल दिवा विझतो, आणि पडद्यावर पिवळी वीज चमकते. स्वस्त चार्जर आणि बारीक तारेची केबल वापरणाऱ्या कितीतरी हौशी लोकांना तिने वेळीच सावध केलंय. ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांना तर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ हे पडत्या व्होल्टेजचा इशारा देणारं वाक्य तोंडपाठ असतं. वायफाय सुरू होताना प्रवाहाची एकदम ओढ बसते, केबल तेवढं देत नाही आणि बोर्ड पुनःपुन्हा सुरू होत राहतो. प्रोग्राममधून हा पहारा बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. जाड केबल किंवा एक मोठा कपॅसिटर हे त्याचं उत्तर.

आता तर पडतं व्होल्टेज हे हत्यारही झालं आहे. बँकेच्या कार्डातली किंवा सिममधली चिप फोडायची असेल, तर नेमक्या क्षणी तिची वीज काही नॅनोसेकंद दाबायची, म्हणजे एखादी पासवर्डची तपासणी चुकते आणि दार उघडतं. म्हणून या चिपांच्या पोटात कमी-जास्त दाब ओळखणारे संवेदक असतात आणि शंका आली की ते चिप गोठवतात. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हनच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ जाहीर केलं. यात बाहेरून तार लावायचीही गरज नव्हती. इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून कमी करण्याची, मुळात वीज वाचवण्यासाठी ठेवलेली, सोय त्यांनी वापरली. दाब थोडा उतरवला की एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातले गुणाकार चुकू लागत आणि चुकलेल्या उत्तरांवरून गुप्त किल्ल्या काढता येत. इंटेलने मायक्रोकोड आणि बायोसचे अपडेट काढून ती सोयच बंद करण्याची व्यवस्था दिली.